पाणथळीत उतरण्यापूर्वी: कोल्हापूर परिसरात क्षेत्रकाम सुरू करणाऱ्यांसाठी

तलाव, नदीकाठ, बंधाऱ्यामागचे साठलेले पाणी आणि पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने ओली राहणारी गायराने अशा जागांचा अभ्यास करण्यासाठी दरवर्षी नवी मंडळी पुढे येतात. त्यांत प्राणिशास्त्राचे आणि पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी असतात, जानेवारीतल्या पक्षिगणनेत पहिल्यांदाच भाग घेणारे हौशी निरीक्षक असतात आणि आपल्या गावच्या तळ्याची नोंद ठेवू पाहणारे शिक्षकही असतात. काय मोजायचे हे त्यांना पुस्तकात सापडते. चिखलात मांडीपर्यंत पाय गेला, दिवड नावाचा साप अंगावर आला किंवा ढग गडगडू लागले तर काय करायचे, हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही. या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. पाणथळीतले बहुतेक अपघात आणि बहुतेक चुकीच्या नोंदी घाईने होतात. काठावर थांबून आधी पाहण्याची सवय लागली की दोन्ही टळतात, म्हणून पुढची प्रत्येक सूचना त्या सवयीला धरूनच दिली आहे.

जागेची निवड

सुरुवातीचे काही महिने एकच जागा धरावी, आणि ती रंकाळा किंवा कळंबा या तलावांपैकी असावी. रंकाळ्याच्या बहुतेक काठाने चालता येते, सकाळ-संध्याकाळ माणसांचा वावर असतो, अडचण आली तर हाक ऐकू जाते, आणि वारकरी, जांभळी पाणकोंबडी, टिबुकली, पाणकावळा हे पक्षी माणसांना सरावलेले असल्यामुळे त्यांच्या हालचाली निवांत पाहता येतात. कळंबा तलाव हा शहराच्या पाणीपुरवठ्याचा जुना स्रोत. त्याचा काठ काही बाजूंनी उतरता आणि मोकळा आहे, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळाचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि तेथे चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांची व टिटव्यांची वर्दळ सुरू होते. पाण्याची पातळी बदलली की जीवसृष्टी कशी बदलते, हे शिकण्यासाठी शहराजवळ याहून सोयीची जागा नाही.

नदीवरचे काम हा दुसरा टप्पा समजावा. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते; पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत या नदीचा स्वभाव जागोजागी बदलतो. एका ठिकाणी घाट, पुढे उसाच्या मळ्यांना खेटून उभे कापलेले काठ, त्यापुढे बंधाऱ्याने थोपवलेले संथ पाणी. तलावाच्या काठावर पाय स्थिर झाल्याशिवाय येथे उतरू नये. राधानगरी आणि दाजीपूरच्या जंगलातले ओढे व जलाशयाचे काठ यांचा विचार तर एखाद्या अनुभवी चमूबरोबरच करावा. हे अभयारण्य 2012 पासून जागतिक वारशात समाविष्ट असलेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे, आणि तेथील नियम तितकेच काटेकोर आहेत.

ऋतू, पातळी आणि बरगे

बाहेरून आलेल्या अभ्यासकाला आपल्या नद्यांची एक गोष्ट ठाऊक नसते, आणि तीच सर्वाधिक धोक्याची आहे. येथे पाण्याची पातळी पावसाबरोबर बदलते तशी माणसाच्या हातानेही बदलते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांमध्ये बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात; पावसाळा सरल्यावर बरगे घालतात आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी काढतात. त्यामुळे बरगे घालण्यापूर्वी ज्या जागी गुडघाभर पाण्यात उभे राहून नमुना घेतला, तेथेच नंतर पुरुषभर पाणी असू शकते. बरगे काढल्यावर उलट घडते. पाणी झपाट्याने उतरते, महिनोन्‌महिने भिजलेला काठ आधार सुटल्यामुळे ढासळतो आणि बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला ओढ वाढते. बंधाऱ्याच्या तोंडाशी, खांबांमध्ये किंवा लगेच खालच्या डोहात कोणत्याही ऋतूत उतरू नये. बरगे कोणत्या तारखेला घातले आणि काढले, हे गावात विचारून नोंदवहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावे. ही तारीख नसेल तर वर्षअखेरीस आकड्यांमधला चढउतार कशामुळे झाला, हे कोणालाच सांगता येत नाही.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज पाहावी. 39 फूट ही इशारा पातळी आहे आणि 43 फूट ही धोका पातळी. मात्र नदीकाठचे काम इशारा पातळी येण्याची वाट न पाहता, पाणी पात्राबाहेर पडू लागले की लगेच थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत जाते. दरवाजा मध्यरात्री उघडला तर काही तासांनी खालच्या गावांत पातळी वाढते, मग तेथे पावसाचा थेंबही नसो. निरभ्र सकाळ पाहून भोगावतीच्या पात्रात उतरणे म्हणूनच चुकीचे ठरते.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा धोका वेगळा असतो. तलावाच्या उघड्या तळावर आजूबाजूला सर्वांत उंच वस्तू म्हणजे निरीक्षक आणि त्याच्या दुर्बिणीचा तिपाई स्टँड. वीज चमकणे आणि गडगडाट ऐकू येणे यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर सामान आहे तेथे ठेवून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली थांबणे सर्वांत वाईट. या महिन्यांत दुपारी बारापूर्वी काम उरकण्याचा नियमच करावा.

नवख्यांसाठी सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे. स्थलांतरित बदके आलेली असतात, काठ पुष्कळसा टणक झालेला असतो आणि जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. 1987 पासून चालत आलेल्या या गणनेत अनुभवी लोकांच्या शेजारी उभे राहून मोजायला शिकता येते.

परवानगी आणि काठावरची माणसे

अभयारण्यात पाऊल ठेवण्यापूर्वी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी हवी. अभयारण्याबाहेरही वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 लागू असतोच. साप, कासव, पक्ष्याचे अंडे किंवा घरटे यांना अभ्यासाच्या नावाखालीसुद्धा परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तलाव महापालिकेचा असो वा ग्रामपंचायतीचा, एक साधे पत्र देऊन त्याची पोच खिशात ठेवावी. मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, तेही विचारून घ्यावे. ठेकेदाराच्या जाळ्यांजवळ अनोळखी माणसे बाटल्या बुडवताना दिसली की संशय येणे साहजिक आहे.

कागदापेक्षाही काठावरची ओळख महत्त्वाची ठरते. भोई, म्हशी धुवायला आलेले गवळी, कपडे धुणाऱ्या बायका, पाणंदीने वैरण नेणारे शेतकरी यांना आपल्या पाण्याचा तळ पाठ असतो. पहिल्या दिवशी दुर्बीण पिशवीतच ठेवावी, “मामा, रामराम” म्हणून जवळ बसावे आणि आपण काय करतो ते सोप्या शब्दांत सांगावे. “पाव्हणं, त्या अंगाला जाऊ नगा, तिथं रेंदा हाय” (रेंदा म्हणजे पाय रुतणारा मऊ चिखल) हे एक वाक्य एखाद्याचा जीव वाचवते आणि ते कोणत्याही नकाशावर छापलेले नसते. कोणत्या वर्षी पाणी कुठवर आले होते, कोणता मासा आता मिळेनासा झाला आहे, केंदाळ (जलपर्णी) कधीपासून पसरले, अशा गोष्टीही तेथेच कळतात. त्या सांगणाऱ्याच्या संमतीने लिहून घ्याव्यात.

सामानाविषयी थोडक्यात

गुडघाभर गमबूट नवख्यांना फार आवडतात, पण ते फक्त ओल्या काठावर उपयोगी आहेत. पाणी बुटाच्या वर गेले की ते आत भरते आणि पाय उचलणे कठीण होते. चिखलात तर बूट तळाशी राहतो आणि पाय रिकामा वर येतो. पाण्यात उतरायचेच असेल तर घट्ट नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट आणि लांब मोजे बरे. अनवाणी कधीही जाऊ नये, कारण तळाशी बाटल्यांच्या काचा, गळ आणि तुटलेल्या जाळ्यांच्या तारा असतात. याखेरीज फूट-इंचांच्या खुणा केलेली, डोक्याइतक्या उंचीची बांबूची काठी, पंधरा-वीस मीटर दोर, शिट्टी, पूर्ण बाह्यांचा मळकट रंगाचा सदरा, टोपी, मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस, साबणाची वडी आणि मोबाइलसाठी घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी एवढे पुरते. नोंदी पेन्सिलीने कराव्यात, कारण शाई ओल्या पानावर पसरते. खोल पाण्याशी किंवा होडीशी संबंध येणार असेल तर लाइफ जॅकेटला पर्याय नाही. गुऱ्हाळातली काहिल, म्हणजे उसाचा रस आटवण्याची मोठी कढई, पुराच्या वेळी माणसे नेण्यासाठी वापरली जाते हे खरे; पण ती जागच्या जागी गरगर फिरते आणि एका बाजूला झुकले की कलंडते, म्हणून अभ्यासासाठी काहिलीत बसण्याचा मोह टाळावा.

एकट्याने जाऊ नये. दोघांपैकी एकाला पोहता येत असावे, आणि तिसऱ्या कोणाला तरी घरी किंवा महाविद्यालयात परतण्याची वेळ सांगून ठेवलेली असावी. स्वच्छतागृहाची सोय आधी पाहून ठेवावी, हेही येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सोय नाही म्हणून पाणीच न पिता दिवस काढणाऱ्या मुली पुष्कळ असतात, आणि उन्हाचा त्रास होण्याचे ते एक मोठे कारण आहे. चमूच्या प्रमुखाने जवळची शाळा, मंदिर किंवा ओळखीचे घर यांची व्यवस्था कामाच्या आखणीतच धरावी.

काठ वाचणे

पाण्यापाशी पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे काहीही करू नये. उभे राहून पाहावे. काठ आपल्याविषयी बरेच काही सांगतो, आणि सर्वांत विश्वासू खूण म्हणजे म्हशींच्या खुरांचे ठसे. ठसा उथळ असेल आणि त्याच्या कडा स्पष्ट उभ्या असतील तर खालची जमीन माणसाचे वजन पेलते. ठसा खोल असेल, त्यात पाणी भरले असेल आणि कडा आत ढासळून त्याचा आकारच हरवला असेल तर म्हैसही तेथे कशीबशी निघाली, असे समजून मागे फिरावे. जेथे म्हशी मुळीच उतरत नाहीत, तेथे त्यांच्या न उतरण्याला कारण असते. वाळून भेगा पडलेला चिखल फसवा असतो; वरची पापडी कडक, खाली मात्र मऊ रेंदा. काठीने टोचल्यावर ती सहज वीतभर आत गेली तर पापडीवर पाय देऊ नये.

पाणकणीस दाट वाढलेले असेल तेथे गाळ मऊ आणि खोल असण्याची शक्यता धरावी. त्याच्या पात्यांच्या कडांनी हात कापतात, म्हणून पूर्ण बाह्या हव्यात. केंदाळाचा थर तर जमिनीसारखा दिसतो. त्यावर बगळे चालतात, कधी कुत्रीही चालताना दिसतात. माणसाचे वजन मात्र तो पेलत नाही, आणि खाली गेलेल्या माणसाला मुळांच्या जाळीतून वर येणे अवघड जाते. त्यावर कधीही पाय ठेवू नये. पाण्यावर हिरवट साय धरली असेल आणि तिला कुबट वास येत असेल तर ते निळे-हिरवे शेवाळ असू शकते. त्याच्या काही जाती विषारी द्रव्ये सोडतात, म्हणून अशा पाण्यात उघड्या हाताने नमुना घेऊ नये आणि तोंडावर तर ते मुळीच उडू देऊ नये.

पाय रुतलाच तर काय करावे, हे घरच्या अंगणात एकदा मनाशी घोकून जावे. रुतलेला पाय जोराने ओढला की दुसरा पाय अधिक खोल जातो. त्याऐवजी पाठीवरचे सामान टाकून द्यावे, काठी आडवी धरून तिच्यावर छाती किंवा दोन्ही हात टेकावेत आणि वजन पसरावे. मग रुतलेल्या पायाची टाच आणि घोटा हळूहळू हलवत राहावे, म्हणजे पायाभोवती पाणी शिरून चिखलाची पकड सुटते, आणि बोटे खाली झुकवून पाय तिरका मागे काढावा. बूट गेला तर जाऊ द्यावा. सोबत्याने जवळ धावत येऊ नये. टणक जागेवर बसून दोर किंवा दुसरी काठी पुढे करावी. घाई न केल्यास पाय निघतो.

प्राण्यांशी गाठ

पाणथळीत सर्वाधिक वेळा भेटणारा साप दिवड आहे. तिच्या पिवळसर करड्या अंगावर काळे चौकडे असतात आणि डोळ्याखालून व डोळ्यामागून गालाकडे उतरणाऱ्या दोन तिरप्या काळ्या रेघा स्पष्ट दिसतात. ती बिनविषारी आहे, पण चिडली की मान चपटी करते, त्यामुळे पाहणाऱ्याला नाग वाटतो, आणि जोरात चावते. मासे व बेडकांच्या मागे ती काठच्या दगडांत, जाळ्यांत, बेशरमीच्या झुडपांत बसलेली असते. दगड उचलण्यापूर्वी, जाळे ओढण्यापूर्वी काठीने हलवून घेतले की ती निघून जाते. खरा धोका पाण्यात नसून पाण्याकडे नेणाऱ्या बांधावर असतो. उसाच्या फडाला लागून असलेल्या बांधांवर घोणस असते. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे तीन रांगांतले ठिपके आणि कुकरमधून वाफ सुटावी तसा मोठा, लांबलेला फूत्कार ही तिची ओळख. ऊसतोड सुरू झाली की फडातले साप व उंदीर शेजारच्या काठाकडे सरकतात, म्हणून त्या काळात बांधावरून चालताना पाय आपटत, पुढे काठी टेकत जावे.

कोणताही साप चावला तर तो बिनविषारी असल्याचा निर्णय आपण करू नये. चावलेला अवयव हलू न देता, आवळपट्टी न बांधता, जखम न कापता, न चोखता, अंगठी-कडे काढून थेट रुग्णालय गाठावे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याची काही गरज नसते. शहरात छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम असेल तर प्रतिविष जवळ कोठे मिळते हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे आणि 108 हा रुग्णवाहिकेचा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा.

नवख्यांना सापाची भीती वाटते आणि कुत्र्यांची वाटत नाही, हे उलटे आहे. तलावाकाठी टाकलेल्या अन्नावर पोसलेल्या टोळ्या सकाळी लवकर आक्रमक असतात. धावू नये, पाठ फिरवू नये, काठी जमिनीलगत पुढे धरून हळूहळू मागे सरावे. दात लागला, नुसते खरचटले तरीही, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी.

पुलांच्या कमानींखाली आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते. काम सुरू करण्यापूर्वी वर पाहण्याची सवय लावावी, अत्तर किंवा वासाचे तेल लावून जाऊ नये, आणि मोहोळाखाली धूर, फटाके, आरडाओरडा काहीही होऊ देऊ नये. माश्या उठल्या तर तोंड झाकून सरळ रेषेत पळावे आणि बंद गाडीत किंवा घरात शिरावे. पाण्यात बुडी मारणे हा उपाय नाही, कारण माश्या वर घोंगावत राहतात.

कृष्णा आणि वारणेच्या पात्रात, तसेच शिरोळ तालुक्याच्या बाजूला काम करणाऱ्याने मगर आहे असे धरूनच वागावे. हिवाळ्यात सकाळी ऊन खाण्यासाठी ती वाळूवर किंवा मातीच्या काठावर येते. तिची खूण ओळखता आली पाहिजे: पाण्याकडे उतरणारी गुळगुळीत घसरण आणि तिच्या दोन्ही बाजूंना नखांचे ठसे. असा काठ दिसला की तेथे नमुना घेऊ नये. पुलावरून दोराला बादली बांधून पाणी काढावे. पाण्याच्या कडेला वाकून, पाण्याकडे पाठ करून किंवा अंधार पडल्यावर बसू नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठच्या मातीत अंडी घालते आणि पावसाळ्याच्या सुमारास पिल्ले बाहेर पडेपर्यंत राखण करते, म्हणून या काळात अंतर आणखी वाढवावे. मगर तिच्या घरी आहे आणि आपण पाहुणे आहोत, हे समजून वागणाऱ्याला तिच्यापासून फारसा उपद्रव होत नाही.

राधानगरीच्या जलाशयाच्या काठी गवे पाणी पिण्यासाठी उतरतात. कळपापेक्षा एकटा नर अधिक बेभरवशाचा असतो. तो मान वळवून पाहू लागला, फुरफुरला किंवा अंग आडवे करून उभा राहिला की आपण फार जवळ आलो आहोत. कॅमेऱ्याचा फ्लॅश न वापरता, तोंड त्याच्याकडे ठेवून, मोठ्या झाडाच्या आडोशाकडे सरकावे. जंगलाबाहेरही सावध राहावे. डिसेंबर 2021 मध्ये गवा शहराच्या वेशीपर्यंत आला होता, आणि त्या वेळी सर्वांत मोठा धोका त्याच्यामागे धावणाऱ्या गर्दीमुळे निर्माण झाला. वस्तीजवळ वन्यप्राणी दिसल्यास वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे आणि लोकांना मागे थांबवावे.

जळवा पावसाळ्यात दाजीपूरच्या बाजूला हमखास लागतात. ओढून काढण्याऐवजी नखाने तोंडापासून सरकवाव्यात. रक्त बराच वेळ वाहते, पण घाबरण्याचे कारण नसते. त्यापेक्षा न दिसणारा धोका मोठा आहे. पुराचे आणि गटाराचे पाणी मिसळलेल्या जागी उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात जातात. पायाला चीर असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी झाली तर आपण पाण्यात काम केले होते हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगावे.

आणि टिटवी. तिच्यापासून माणसाला धोका नाही; तिला मात्र आपल्यापासून आहे. मार्चपासून पुढे उघड्या तळावर, खड्यांमध्ये ती बहुधा चार अंडी घालते. करड्या-मातकट रंगावर काळपट डाग असलेली ती अंडी पायापाशी असूनही दिसत नाहीत. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपावू लागली की घरटे जवळ आहे. अशा वेळी आहे तेथे थांबावे, पायाखाली पाहावे आणि आलो त्याच पावलांवर परतावे. घरटे शोधत फिरू नये, खूण म्हणून काठी रोवू नये, कारण कावळे माणसाच्या हालचालीवर नजर ठेवून असतात आणि आपण निघालो की तेथे उतरतात. भर उन्हात ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते. तिला अर्धा तास उठवून ठेवले तर अंडी उन्हाने भाजतात. एका चांगल्या छायाचित्रासाठी एवढी किंमत मोजणारा अभ्यासक नव्हे.

पाण्याचा नमुना

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दिवसभरात बदलत राहतो. शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात तो तयार करतात आणि रात्रभर सगळेच सजीव तो वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी आणि दुपारी सर्वांत जास्त असतो. एका महिन्यात सकाळी सात वाजता आणि दुसऱ्या महिन्यात दुपारी दोन वाजता घेतलेले आकडे शेजारी मांडून “पाणी सुधारले” असे म्हणणे म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल करणे होय. वेळ ठरवावी आणि वर्षभर पाळावी.

वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे, म्हणजे पायांनी ढवळलेला गाळ मागे जातो. 300 मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली तिरकी धरून सावकाश भरावी आणि पाण्याखालीच तिचे बूच लावावे. बूच लावल्यावर बाटली उलटी करून पाहावी. एकही बुडबुडा दिसला तर ती ओतून पुन्हा भरावी. मग काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण पिपेटने पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडावे. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसू लागतो. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. सांडपाणी मिसळणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीत हा पांढरा साका एकदा पाहिला की आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ही रसायने त्वचेला घातक आहेत, तेव्हा हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण तलावात कधीही ओतू नये.

पारदर्शकता मोजण्यासाठी वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेक्की तबकडी दोराला बांधून सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यावी. उन्हाचा चष्मा काढून, सावलीच्या बाजूने पाहावे.

पक्षी मोजताना

तलावाचे मनातल्या मनात भाग पाडून एकाच दिशेने मोजत जावे. एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून तेवढ्या घोळक्याचा आकार डोळ्यांत बसवावा आणि मग दहा-दहाने पुढे सरकावे. उडून पुढच्या भागात गेलेले पक्षी दुसऱ्यांदा धरू नयेत. ओळख पटली नाही तर “अनोळखी बदक” असेच लिहावे. सोबत्याला बरे वाटावे म्हणून दुर्मीळ नाव लिहिण्याइतके नुकसान दुसरे नाही. पक्षी दिसलेच नाहीत त्या दिवसाचीही नोंद करावी, आणि त्याबरोबर पाण्याची पातळी, केंदाळ किती पसरले आहे, मासेमारी किंवा मूर्तिविसर्जन चालू होते का, हे लिहावे. वारकरी पक्ष्यांची संख्या एकाएकी निम्म्यावर आली तर कारण बहुधा याच ओळींत सापडते.

परतल्यावर

एका तलावातून दुसऱ्याकडे जाताना बूट, जाळी आणि बादल्या धुवून उन्हात पूर्ण वाळवाव्यात, कारण केंदाळाचा एक तुकडा नवे तळे व्यापायला पुरेसा असतो. नोंदवहीच्या पानांची छायाचित्रे त्याच रात्री काढून ठेवावीत आणि अर्धवट राहिलेले तपशील आठवणीत ताजे असेतोवर भरावेत, मात्र काठावर लिहिलेला मूळ आकडा खोडू नये. दुरुस्ती शेजारी लिहून तारीख टाकावी. घरटी, मगरीच्या अंड्यांची जागा किंवा कासवांचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. ती माहिती वनविभागाला आणि मार्गदर्शकाला द्यावी, आणि पत्र दिलेल्या ग्रामपंचायतीला वर्षअखेरीस आपल्या नोंदींची मराठीत लिहिलेली एक प्रत नेऊन द्यावी.